एकच गेम, तीन निकाल : 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आणि समीक्षेचं काम

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज आपण एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत, आणि त्याहून जास्त, त्या गेमवर झालेल्या समीक्षेबद्दल. गेमचं नाव 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'. १९ जून २०२० रोजी तो प्लेस्टेशन ४ वर आला. नॉटी डॉग या अमेरिकन स्टुडिओनं तो बनवला, सोनीनं प्रकाशित केला. दिग्दर्शक नील ड्रकमन, आणि कथा त्यांनी हॅली ग्रॉस यांच्याबरोबर लिहिली. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर प्रकारातला सिक्वेल.

सुरुवातीलाच एक सूचना. मी गोष्ट पूर्ण सांगणार आहे, शेवटासकट. ज्यांना आधी खेळायचा असेल त्यांनी हा व्हिडिओ इथेच थांबवावा आणि खेळून यावं. पंचवीस-तीस तास लागतील, व्याख्यान कुठे पळून जात नाही. (हशा) हसू नका, ही सूचना महत्त्वाची आहे. या गेमच्या बाबतीत 'काय सांगायचं आणि काय दडवायचं' यावरूनच बराच गोंधळ झाला.

आता मूळ प्रश्न. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांच्या गुणांची सरासरी निघते आणि शेजारीच सामान्य वापरकर्त्यांची. या गेमला समीक्षकांकडून शंभरपैकी ९३ मिळाले. वापरकर्त्यांकडून पहिल्या काही दिवसांत दहापैकी साडेतीनच्या आसपास. एवढी दरी कशी काय पडते?

याची दोन तयार उत्तरं तेव्हाही होती, आजही आहेत. एक गट म्हणतो, समीक्षक कंपन्यांच्या खिशात असतात. दुसरा गट म्हणतो, लोकांना कळत नाही, शिवाय ती द्वेष करणारी टोळी होती. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, त्याकडे मी येईन. पण माझं म्हणणं असं की, ही माणसं एका गेमवर भांडतच नव्हती. तीन निरनिराळ्या गोष्टींवर तीन निकाल दिले गेले आणि तिन्हींना नाव एकच होतं. हे कसं झालं ते पाहू. आणि या गदारोळात जी खरी समीक्षा हरवली, ती शोधू.

गोष्ट काय आहे

कंट्रोलर कधी हातात न धरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग २०१३ चा. कॉर्डिसेप्स नावाच्या बुरशीच्या साथीत जग कोलमडलंय. जोएल नावाचा एक मध्यमवयीन, मुलगी गमावलेला माणूस चौदा वर्षांच्या एलीला अमेरिकेच्या एका टोकापासून दुसरीकडे घेऊन चाललाय. एलीला त्या साथीचा संसर्ग बाधत नाही, म्हणून तिच्यापासून लस होईल अशी आशा आहे. शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात कळतं, की लस करायची तर शस्त्रक्रियेत एली मरणार. जोएल तिथली माणसं मारतो, ऑपरेशन थिएटरमध्ये घुसतो, शल्यचिकित्सकाला मारतो आणि एलीला उचलून नेतो. तिला शुद्ध आल्यावर तिच्याशी खोटं बोलतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. तो शल्यचिकित्सक हातात स्काल्पेल घेऊन समोर उभा राहतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. म्हणजे ते बटण दाबणारे आपणच. २०१३ मध्ये त्या डॉक्टरला नावसुद्धा नव्हतं. बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलंही नसेल.

दुसरा भाग त्या डॉक्टरला नाव देतो, जेरी, आणि एक मुलगी देतो, अ‍ॅबी. गेम सुरू होऊन साधारण दोन तास झाले की अ‍ॅबी जोएलला गोल्फ क्लबनं ठार मारते, एलीच्या डोळ्यांदेखत. आता एकोणीस वर्षांची झालेली एली सूड घ्यायला सिअ‍ॅटलला निघते. तिथले तीन दिवस आपण एली म्हणून खेळतो. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी एका नाट्यगृहात अ‍ॅबी बंदूक रोखून समोर येते, आणि नेमक्या त्या क्षणी गेम मागे जातो. तेच तीन दिवस, पहिल्यापासून, आता अ‍ॅबी म्हणून. जिला मारायला आपण निघालो तिला चालवायचं, तिला खाऊ-पिऊ घालायचं, तिला जिवंत ठेवायचं. सुमारे दहा तास.

गेमची सगळी मांडणी या एका वळणावर उभी आहे. आणि या वळणाबद्दलच समीक्षकांना बोलायला बंदी होती.

तीन निकाल, तीन वस्तू

घटनाक्रम बघा. गेम आधी फेब्रुवारी २०२० मध्ये येणार होता, मग मे मध्ये, मग कोविडमुळे बेमुदत पुढे गेला. एप्रिलच्या शेवटी गेमचे मोठे भाग इंटरनेटवर फुटले. जोएल मरतो, आणि मारणारी म्हणून खेळावं लागतं, हे दोन महिने आधीच जगजाहीर झालं. फुटलेल्या तुकड्यांबरोबर अफवाही आल्या. अ‍ॅबीच्या पिळदार शरीरावरून ती ट्रान्स व्यक्ती आहे असं ठोकून दिलं गेलं. ते खोटं होतं. तिचं शरीर कोलीन फॉच या क्रॉसफिट खेळाडूवरून घेतलं होतं. गेममध्ये एक ट्रान्स मुलगा आहे, लेव्ह, पण तो वेगळा. तरीही त्या अफवेवर हजारोंचं मत तयार झालं. पहिला निकाल हा असा लागला : काही मिनिटांच्या क्लिप, कथेचा सारांश आणि अफवा यांच्यावर.

दुसरा निकाल १२ जूनला. समीक्षकांना प्रत आधी मिळते, तेव्हा कंपनी एक अट घालते, तिला एम्बार्गो म्हणतात. अमुक तारखेआधी लिहायचं नाही, अमुक गोष्टी सांगायच्या नाहीत. रहस्य फोडू नये म्हणून थोडी बंधनं असतात, त्यात वावगं काही नाही. पण इथे अट अशी होती की गेमच्या उत्तरार्धाबद्दल जवळजवळ काहीच लिहायचं नाही. अनेक समीक्षकांनी ही अट आपल्या लेखातच नोंदवली. म्हणजे प्रेक्षकांपर्यंत जे रिव्ह्यू पोचले ते अर्ध्या गेमचे. समीक्षकांनी पूर्ण खेळला होता, गुण पूर्ण गेमला दिले होते, पण कारणं मात्र पहिल्या अर्ध्यातलीच सांगता येत होती.

याचा परिणाम काय झाला असेल, विचार करा. वाचणाऱ्याला क्लिपांमधून ते वळण ठाऊक आहे. त्याचा प्रश्न एकच : 'तिच्या बाजूनं खेळणं पटतं का?' आणि समीक्षक लिहितोय अ‍ॅनिमेशनबद्दल, पावसाबद्दल, गवतात लपण्याबद्दल, गुस्ताव्हो सांताओलाया यांच्या संगीताबद्दल. सगळं खरं, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. मग वाचणाऱ्याला वाटणारच की हा माणूस काहीतरी लपवतोय. आणि लपवत होताच, करारानं बांधलेला होता. समीक्षकावरचा विश्वास उडायला इतकं पुरेसं असतं.

त्यात जाहिरातीनं भर घातली. एका ट्रेलरमध्ये सिअ‍ॅटलमध्ये मागून एक हात एलीचं तोंड दाबतो, आणि दिसतो तो जोएल. प्रत्यक्ष गेममध्ये त्या जागी जेसी नावाचा दुसरा तरुण आहे, कारण जोएल तोवर मेलेला असतो. रहस्य राखण्यासाठी केलं, मान्य. असं पूर्वीही झालंय. २००१ मध्ये 'मेटल गिअर सॉलिड २' च्या जाहिरातींत सगळीकडे स्नेक होता, आणि खेळायला घेतल्यावर पहिल्या प्रकरणानंतर हातात आला रायडन नावाचा नवखा पोरगा. तेव्हाही खेळाडू चिडले होते, आणि पुढे तोच बदल त्या गेमचा मोठा विचार म्हणून वाखाणला गेला. पण तेव्हाच्या खेळाडूकडे राग काढायला तासाभरात सरासरी पाडणारं साधन नव्हतं.

तिसरा निकाल १९ जूनचा. गेम सुरू होऊन काही तास होत नाहीत तोच हजारो शून्यं पडली. पंचवीस तासांचा गेम इतक्यात संपवणं शक्य नाही, हे सांगायला गणित लागत नाही. त्याच वेळी दहापैकी दहा देऊन तोल सावरणारेही हजारो होते. त्यांनी तरी कुठे संपवला होता? दोन्ही बाजूंना गेमपेक्षा आकडा महत्त्वाचा झाला होता. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकनं नियम केला, की गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांना गुण देता येणार नाहीत. आणि हे फक्त आकड्यांवर थांबलं नाही. अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यांनी त्या जाहीर केल्या. एका कल्पित पात्रासाठी. इथे तो 'द्वेष करणाऱ्या टोळी'चा मुद्दा खरा आहे आणि त्याला टीका म्हणणं हा टीकेचा अपमान आहे.

पण 'लोकांना गेम आवडला नाही' हे विधानही टिकत नाही. पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्याच वर्षी 'गोल्डन जॉयस्टिक' पुरस्कारांत, जे लोकांच्या मतांवर ठरतात, हा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. डिसेंबरमधल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सात पुरस्कार मिळाले. २०२१ च्या बाफ्टामध्ये परीक्षकांनी सर्वोत्तम गेमचा मान 'हेडीस'ला दिला, आणि या गेमला मिळाला तो जनतेच्या मतांचा पुरस्कार. गंमत आहे ना? ज्याला 'समीक्षकांचा लाडका, जनतेचा नावडता' म्हणायचं, त्याला जनतेनं निवडलं आणि परीक्षकांनी दुसऱ्याला. 'समीक्षक विरुद्ध जनता' ही मांडणी इथे मोडते.

९३ नं काय झाकलं

आता मी त्या ९३ कडे वळतो, कारण साडेतीनला नावं ठेवणं सोपं आहे. ९३ या आकड्याखाली खूप गंभीर मतभेद झाकले गेले. काही समीक्षक अजिबात खूश नव्हते. पॉलिगॉनवर मॅडी मायर्स आणि व्हाइसवर रॉब झॅक्नी यांनी कठोर लेख लिहिले. व्हाइसच्या लेखानंतर सोनीच्या प्रतिनिधीनं त्या मजकुराबद्दल संपर्क साधल्याची बातमीही आली. या टीकाकारांचे आक्षेप आणि शून्य देणाऱ्यांचे आक्षेप यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. शून्य देणारे म्हणत होते, माझ्या जोएलला का मारलंत? हे म्हणत होते, गेम आम्हाला जो धडा देतो तो द्यायचा हक्क त्यानं कमावलाय का?

या दुसऱ्या प्रश्नात खरा मुद्दा आहे. दोन प्रसंग घेऊ.

सिअ‍ॅटलमध्ये एली नोरा नावाच्या मुलीला गाठते. तिला अ‍ॅबीचा पत्ता हवाय. एलीच्या हातात लोखंडी पाइप आहे. पडद्यावर चौकोनाचं बटण दिसतं. दाबायचं. एली मारते. पुन्हा बटण दिसतं, पुन्हा दाबायचं. कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर. दाबलं नाही तर? काही होत नाही. गेम वाट बघत बसतो. तुम्ही कंट्रोलर ठेवून चहा करून आलात तरी एली पाइप घेऊन तशीच उभी.

दुसरा प्रसंग कुत्रीचा. एली म्हणून खेळताना मत्स्यालयात अंगावर आलेली एक कुत्री मारावी लागते. नंतर अ‍ॅबी म्हणून खेळताना कळतं, तिचं नाव अ‍ॅलिस, आणि तुम्ही तिच्याशी चेंडू फेकण्याचा खेळ खेळता. हेतू स्पष्ट आहे : बघा, तुम्ही कुणाला मारलंत.

आक्षेप असा : मारण्याशिवाय दुसरी वाट ठेवायची नाही, आणि मग मारल्याबद्दल खेळाडूला अपराधी वाटायला लावायचं, हा न्याय झाला का? हा आक्षेप नवा नव्हता. २०१२ च्या 'स्पेक ऑप्स : द लाइन'वर हाच आक्षेप घेतला गेला होता. तिथेही निवड नसलेल्या एका हत्याकांडासाठी खेळाडूला खडसावलं जातं. उलट २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये प्रत्येकाला सोडून देता येतं, त्यामुळे तिथे मारलंत तर ते खरोखर तुमचं असतं.

माझं मत सांगतो. नोराच्या प्रसंगात हा आक्षेप मला लागू वाटत नाही. ते बटण मला दोषी ठरवत नाही, ते मला एलीच्या जवळ नेतं. तिला थांबता येत नाहीये, मलाही येत नाही, आणि दोघांनाही ते नकोय. ती निवड तिची आहे, त्यातला हात माझा. कुत्रीच्या बाबतीत मात्र आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. तिथे गेम हिशेब जुळवतो. तुम्ही अ मारलात, म्हणून आता अ किती गोड होती ते बघा. हे भावनिक वसुलीसारखं वाटतं, आणि अशा बेरजा-वजाबाक्या उत्तरार्धात बऱ्याच आहेत. हा भेद करणं हे समीक्षेचं काम होतं. 'निवड दिली नाही' एवढ्यावर दोन्ही प्रसंग एका मापानं मोजले की भेद उरत नाही. आणि ज्या आठवड्यात सगळं जग वाचत होतं, त्या आठवड्यात कुत्रीचा दुसरा अर्धा भाग लिहायलाच परवानगी नव्हती.

दोन बाजू सारख्या असतात का?

दुसरा गंभीर आक्षेप राजकीय होता. सिअ‍ॅटलमध्ये दोन गट लढताहेत : डब्ल्यूएलएफ ही शस्त्रसज्ज सेना आणि सेराफाइट हा एक धार्मिक पंथ. ड्रकमन यांचा जन्म इस्रायलमधला, लहानपणी ते अमेरिकेत आले. वॉशिंग्टन पोस्टला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं होतं, की २००० साली रामल्लात दोन इस्रायली सैनिकांना जमावानं ठार मारल्याची दृश्यं पाहून त्यांच्या मनात सूडाची तीव्र भावना आली, नंतर त्या भावनेचीच त्यांना लाज वाटली, आणि त्या अनुभवातून या गेमचं बीज पडलं. जुलै २०२० मध्ये इमॅन्युएल मायबर्ग यांनी व्हाइसवर लेख लिहिला. ते स्वतः इस्रायलमध्ये वाढलेले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : 'हिंसेचं चक्र, दोघंही सारखेच' ही मांडणी वरवर निःपक्षपाती वाटते, पण प्रत्यक्षातली ताकद जिथे असमान असते तिथे 'दोघंही सारखेच' म्हणणं हीसुद्धा एक बाजूच असते.

मला हा त्या वर्षातला या गेमवरचा सर्वांत उपयोगी लेख वाटतो. त्याच्याशी पूर्ण सहमत व्हायलाच हवं असं नाही. अ‍ॅबी आणि एली यांच्यापुरती ती समान मांडणी चालते, कारण दोघींचं दुःख खरोखर एका मापाचं आहे : दोघींचा बाप गेलाय. पण गेम तीच फूटपट्टी दोन समाजांना लावतो, आणि तिथे ती अपुरी पडते. सेराफाइटांचं जग आपल्याला बहुतेक वेळा बाहेरूनच दिसतं, तिथून पळालेल्या यारा आणि लेव्ह या भावंडांच्या डोळ्यांनी. डब्ल्यूएलएफची व्यायामशाळा, खानावळ, शाळा आपण आतून पाहतो. समान सहानुभूतीचा दावा करणाऱ्या गेमनं कॅमेरा समान ठेवलेला नाही. लेव्हच्या चित्रणावरही ट्रान्स समीक्षकांमध्ये दोन मतं होती आणि दोन्ही वाचण्यासारखी होती. पण 'ट्रान्स अजेंडा' म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली?

हातांना काय कळतं

आता मी हा गेम मोठा का मानतो ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कशासाठी?

आपल्याला सूडाची गोष्ट नवी नाही. महाभारतात द्रोणाचार्यांना कपटानं मारलं जातं, म्हणून अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो. बापाच्या मरणाचा सूड. अ‍ॅबीला आपण लगेच ओळखतो. आपण दोन्हीकडचं ऐकत मोठे झालोय, त्यामुळे 'शत्रूचीही बाजू असते' हे सांगायला कुणी कॅलिफोर्नियातून यायची गरज नाही. (हशा) म्हणून कथेचा सारांश ऐकून कुणी म्हणालं 'यात काय विशेष', तर मी वाद घालणार नाही. सारांशात खरंच काही विशेष नाही.

विशेष आहे ते नाट्यगृहातल्या लढाईत. अ‍ॅबीचे तीन दिवस संपून आपण पुन्हा त्या थांबलेल्या क्षणावर येतो. आता अ‍ॅबी आपल्या हातात आहे आणि समोर एली. एली लपते, सापळे लावते, बाटल्या फेकते, मागून हल्ला करते. या सगळ्या युक्त्या दहा-बारा तास आपणच तिच्याकरवी वापरलेल्या असतात. आपलीच खेळायची पद्धत आपल्यावर चालून येते, आणि ती भयानक आहे. इथे कथा समजावून सांगत नाही. हातांना कळतं. काही खेळाडूंनी तिथे मुद्दाम अ‍ॅबीला पुन्हा पुन्हा मरू दिलं, मारण्याचं बटण दाबवेना म्हणून. क्लिप बघणाऱ्याला हा अनुभव येऊच शकत नाही. सारांश वाचणाऱ्यालाही नाही.

तसंच गिटारचं. जोएलनं एलीला गिटार शिकवलेली असते. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून आपण खरंच ती वाजवतो, सूर निवडतो. शेवटी सांता बार्बराच्या किनाऱ्यावर पाण्यात एली अ‍ॅबीला बुडवत असते आणि मग सोडून देते, पण त्या झटापटीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात. ती रिकाम्या घरी परत येते, गिटार उचलते. आपण तेच बोट तसंच फिरवतो, आणि सूर लागत नाहीत. सूडाची किंमत काय, हे कुठलंही पात्र बोलून दाखवत नाही. तुमचं बोट फिरतं आणि चुकीचा आवाज येतो.

मी पाहिलेल्या १२ जूनच्या रिव्ह्यूंमध्ये हे दोन्ही प्रसंग नव्हते. असू शकतच नव्हते.

पाच वर्षांनी

पुढे काय झालं? जानेवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी सुधारित आवृत्ती आली. तिच्यात 'नो रिटर्न' नावाचा एक जास्तीचा प्रकार आहे : गोष्ट बाजूला, फक्त मारामारी, पुन्हा पुन्हा, मजेसाठी. 'मारण्याची किंमत' शिकवणाऱ्या गेमला असं शेपूट जोडावं याबद्दल खरं तर मोठी चर्चा व्हायला हवी होती. एप्रिल २०२५ मध्ये एचबीओच्या मालिकेचा दुसरा सीझन आला. मालिकेनं अ‍ॅबीच्या बापाची गोष्ट लपवली नाही, सुरुवातीलाच सांगून टाकली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गेममध्येही एक सोय आली, सगळे प्रसंग कालक्रमानं खेळण्याची.

समीक्षेच्या दृष्टीनं ही सोय म्हणजे प्रयोगशाळाच. आधी जेरी, आधी अ‍ॅबीचं दुःख, मग जोएलचा मृत्यू. प्रसंग तेच, पात्रं तीच. पण कालक्रमानं खेळलात की अ‍ॅबीबद्दलचा राग उभाच राहत नाही, आणि राग नसेल तर तो विरघळण्याचा प्रश्नच नाही. ज्या क्रमावर २०२० मध्ये सगळे चिडले होते, तो क्रम म्हणजेच गेमचा युक्तिवाद होता. आधी द्वेष करायला लावायचा, मग त्या द्वेषासकट तिच्या जागी उभं करायचं. ती चीड हा गेमच्या रचनेचा पहिला भाग होता, आणि हजारोंनी तिथेच थांबून गुण दिले.

मग समीक्षकानं काय करावं?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, अट मान्य करावी लागली तर दुसरा लेख लिहावा. पहिला प्रकाशनाच्या दिवशी, 'घ्यावा का' एवढ्यापुरता. दुसरा महिन्याभरानं, पूर्ण गेमवर, शेवटासकट. २०२० मध्ये चांगलं लिखाण आलं ते जुलैनंतर, पण तोवर ९३ आणि साडेतीन हे दोन आकडे दगडावर कोरल्यासारखे झाले होते.

दोन, कथेचा सारांश म्हणजे गेमची समीक्षा नव्हे. मराठीत गेमवर थोडं-थोडं लिहिलं जाऊ लागलंय, यूट्यूबवर तरुण मुलं बोलताहेत, मला त्याचा आनंद आहे. त्यांना एवढंच सांगेन की हाताला काय करावं लागलं ते लिहा. कुठे बटण दाबवेना, कुठे नको असताना दाबलं, कुठे सवयीनं दाबून गेलं आणि मागून कळलं. हे फक्त खेळणाराच सांगू शकतो.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी, वाचणाऱ्यांसाठी. आकडा बघितला की आपल्याला वाटतं निकाल लागला. त्या डॉक्टरला २०१३ मध्ये आपण बटण दाबून मारलं आणि पुढे गेलो. तो कोण होता हे विचारायला गेमलाच सात वर्षांनी परत यावं लागलं. आकड्यांच्या बाबतीत तरी आपण जरा लवकर विचारू : हे कुणी म्हटलं, कधी म्हटलं, आणि किती पाहून म्हटलं?

आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांना जोएलला मारल्याचा अजून राग आहे, त्यांनी आधी हात वर करावा, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. (हशा)